मिक्सर बंद पडला तेव्हा मी काय केलं (माझा अनुभव)

रविवारी सकाळी डोशाचं पीठ वाटता वाटता आमचा मिक्सर एकदम गप्प झाला, ना आवाज ना जळका वास, आणि भांड्यात अर्धवट वाटलेली उडीद डाळ तशीच. आई म्हणाली, "गेला वाटतं रे, पाट्यावर वाटते आता." बाबा म्हणे नवीनच घेऊ. मला मात्र वाईट वाटलं, बारा वर्षं या मिक्सरने आमच्या घरातली प्रत्येक चटणी वाटलीये हो!

आधी प्लग दुसऱ्या पॉइंटला लावून बघितला, काही नाही. मग प्लग काढला, भांडं बाजूला ठेवलं आणि मिक्सर उलटा केला तर खाली एक छोटं लाल बटण, बाहेर आलेलं, भोवती सुकलेल्या पिठाची पापडी. हे ओव्हरलोडचं बटण. लोड जास्त आला की मोटर जळू नये म्हणून ते सप्लाय तोडतं. पापडी टूथब्रशने साफ केली, वीसेक मिनिटं मोटर गार होऊ दिली, मग बटण दाबलं, टक् असा आवाज आला आणि मिक्सर सुरू!! आई तर मिक्सरलाच म्हणाली, "शहाणं बाळ माझं."

आता भांडं अर्धंच भरतो, डाळीत थोडं थोडं पाणी घालतो आणि मध्ये मध्ये थांबतो. आणि बटण दाबल्यावरही लगेच परत उडालं तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, पात्याखाली काही अडकलंय का बघा, नाहीतर सरळ मेकॅनिककडे न्या. डोसे मात्र त्या दिवशी मस्त जाळीदार झाले.