हरमलच्या कड्यावर पॅराग्लायडिंग: देखावा केव्हा बघायचा
गोव्यातल्या हरमल-केरीच्या कड्यावर खारे वारे इतकी संथ उचल देतात की तेरेखोलचा किल्ला आणि मावळता सूर्य बघताना वैमानिक हरखून जातो. सगळं सोपं वाटू लागतं आणि नेमकी तेव्हाच तपासणी सुटते. म्हणून नियम ठेवा: वळण पूर्ण होऊन पंख सरळ झाल्यावरच देखावा बघायचा, तोही दोन-तीन सेकंद. वळण नेहमी समुद्राकडे. वळण्याआधी क्रमाने बघा: इतर ग्लायडर, उंची, कड्यापासूनचं अंतर, किनाऱ्यावरची उतरायची जागा. भरतीला ती पट्टी फार अरुंद होते. केरीकडून दक्षिणेला येताना कडा डावीकडे असतो. समोरून कोणी आलं तर समुद्राकडे सरकून वाट द्यायची.

देखावाच बघत राहिलात तर वारा वाढलेला कळत नाही. लाटांवर सर्वत्र पांढरे तुरे दिसले की उतरा. नाहीतर वारा कड्यामागच्या हवेच्या खळबळीत ढकलतो. उलट सूर्यास्ताला वारा पडतो आणि उचल संपते, म्हणून शेवटचं दृश्य टिपायला थांबू नका. पाण्यात उतरणं जीवघेणं आहे: हार्नेसचा, म्हणजे बसायच्या पट्टेवाल्या आसनाचा, फोम वर तरंगतो, तोंड पाण्याखाली जातं. कॅमेरा उड्डाणाआधीच हेल्मेटवर सुरू करा.