एम ८७ : महाकाय दीर्घिका शोधायची कशी आणि तिच्यात पाहायचे काय

कन्या दीर्घिकासमूहाच्या केंद्राजवळ असलेली एम ८७ आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिची दृश्य प्रत (तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) ८.६, म्हणजे अंधाऱ्या आकाशात तिच्यासाठी सहा इंची दुर्बीण पुरते. दिसायला सोपी, ओळखायला मात्र अवघड. कारण त्या भागात दीर्घिकांची इतकी दाटी आहे की नवखा निरीक्षक भलत्याच धूसर ठिपक्याला एम ८७ समजून मोकळा होतो.

वेळ आधी ठरवा. महाराष्ट्रातून ती जवळजवळ डोक्यावरून जाते. पुण्याच्या अक्षांशावर तिची कमाल उंची ८४ अंश भरते. डॉब्सोनियनवाल्यांना (हाताने वरखाली व आडवी फिरवायची साध्या बैठकीची दुर्बीण वापरणाऱ्यांना) हीच उंची छळते. नळी उभी झाली की ती आडवी फिरवायला तरफेसारखा जोर मिळत नाही आणि नेम सारखा हुकतो. म्हणून मार्चच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास पाहा, तेव्हा ती पूर्वेला ४५ अंशांवर असते. एप्रिलच्या मध्यास ती साडेअकराच्या पुढेमागे माथ्यावर येते, तेव्हा दोन तास आधी बसा. अमावास्येच्या आगेमागची रात्र निवडा. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी उघड्यावर ठेवा, डोळ्यांनाही अंधारात तेवढाच वेळ द्या. मोबाइलचा पडदा एकदा जरी भक्कन उजळला, तरी ही तयारी पुन्हा पहिल्यापासून.

आता नेम. सिंहाच्या शेपटीचा तारा डेनेबोला, म्हणजे आपली उत्तरा फाल्गुनी, आणि कन्येतला विंडेमिएट्रिक्स तारा यांच्यामध्ये साधारण १८ अंशांचे अंतर आहे. दोघांच्या बरोबर मध्यावर दुर्बीण लावा. आयपीस (डोळा लावायचे भिंग) २५ मिलिमीटरचे घ्या. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ते ४८ पट वर्धन आणि अंशाहून थोडे जास्त क्षेत्र देते. मध्यावर एम ८७ नसते, हे लक्षात ठेवा. तिथे सतरा कलांच्या (एक अंश म्हणजे ६० कला) अंतराने दोन धूसर ठिपके दिसतील : एम ८४ आणि एम ८६ या दुसऱ्याच दीर्घिका. बहुतेक चुका इथेच होतात.

एम ८७ तिथून आग्नेयेला सव्वा अंशावर आहे. एम ८६ क्षेत्राच्या मध्यभागी आणा, नळी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडी अधिक, दक्षिणेला सरकवा आणि हात काढून घ्या. पृथ्वी फिरत राहते आणि साधारण साडेचार मिनिटांत एम ८७ आपल्या पायांनी मध्यभागी चालत येते. दिशेचा गोंधळ झाला तर ज्या कडेने नवे तारे आत शिरतात ती पूर्व. ही युक्ती मोटर नसलेल्या दुर्बिणीवरच चालते. मोटर असेल तर आधी बंद करा.

खात्रीसाठी १० मिलिमीटरचे आयपीस लावा. एम ८७ गोल दिसते, मध्याकडे तेज दाटत जाते. एम ८६ किंचित लांबट आहे. एम ८७च्या पश्चिमेस, जरा दक्षिणेकडे, नऊ कलांवर एनजीसी ४४७८ या दीर्घिकेचा छोटा मंद ठिपका सापडला, की ओळख पक्की. तो थेट बघून दिसत नसेल तर नजर किंचित बाजूला वळवा.

तेजोमेघांसाठीचे फिल्टर इथे लावू नका. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर त्यातला बराचसा कापतो आणि चित्र फक्त मंद होते. शेजारचे तारे टोकदार असतील आणि दीर्घिका धूसरच राहिली, तर फोकस बरोबर आहे. चाक फिरवत बसू नका.

सर्पिल भुजा दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नका, त्या नाहीतच. हा गुळगुळीत गोळाच तिच्या घडणीचा पुरावा आहे. विश्वाचे वय सध्याच्या पाव भागाहून कमी असताना वायू कोसळून तिच्या गाभ्यातले तारे झपाट्याने जन्मले. पुढे लहान दीर्घिका तिच्यात पडत राहिल्या. त्या मोडताना तारे एकमेकांवर आदळले नाहीत, पण त्यांच्या कक्षा विस्कटल्या. एका प्रतलात फिरणारी चकती उरली नाही. गिळलेला ऐवज मुख्यतः बाहेरच्या भागात साठत गेला. तिच्याभोवती सुमारे १२,००० गोलाकार तारकागुच्छ आहेत, आपल्या आकाशगंगेभोवती जेमतेम दीडशेच्या वर. २०१५ साली सुमारे ३०० बिंबाभ्रिकांचे (मरत्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या चमकत्या वायुकवचांचे) वेग मोजून दिसले की गेल्या अब्ज वर्षांत तिने एक मध्यम सर्पिल दीर्घिकाही पोटात घातली आहे.

दाटी आहे म्हणून सगळ्या दीर्घिका एकमेकींत मिसळतात, हा समज मात्र चुकीचा. एम ८६ आपल्याकडे सेकंदाला २४४ किलोमीटर वेगाने येते, एम ८७ सुमारे १,२८० किलोमीटरने दूर जाते. एवढ्या वेगफरकाने दोन दीर्घिका भिडल्या तरी आरपार निघून जातात. विलीन व्हायला संथ भेट लागते. अशा भेटी छोट्या गटांत, मोठ्या समूहात पडण्याआधी, जास्त घडतात. शिवाय जड दीर्घिकेच्या मागे ताऱ्यांचा व कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा) माग दाटतो, तो तिला मागे ओढतो आणि ती हळूहळू केंद्राकडे बुडते.

तिच्याभोवतीचा तप्त वायू निवून नवे तारे व्हायला हवे होते. तसे फारसे होत नाही, कारण ६.५ अब्ज सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरापासून निघणारे झोत तो तापता ठेवतात. याच कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ला जाहीर झाले. दृश्य प्रकाशातला झोत १९१८ साली लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांनी टिपला. आठ इंची दुर्बीण आणि मोटर असेल, तर तो तुम्हालाही टिपता येतो. फोटो लांबवू नका, गाभा जळून पांढरा होतो आणि झोत त्यात बुडतो. १० ते १५ सेकंदांचे शंभरएक फोटो काढून एकत्र करा. मग गाभ्यापासून वायव्येला, पश्चिमेकडे जास्त झुकलेली, वीसेक विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) बारीक रेघ शोधा.