मदत गोळा करण्याआधी : आपत्तीकाळात चर्चने स्वयंसेवक आणि साहित्य यांचे नियोजन कसे करावे

पूर, भूकंप किंवा वादळाची बातमी आली की रविवारच्या उपासनेनंतर मंडळीत पहिला प्रश्न उठतो तो ‘आपण काय द्यायचे?’ हा. त्याच्याही आधी विचारायला हवे, ते म्हणजे ‘तिथे काय हवे आहे?’, आणि याचे उत्तर हाती येईपर्यंत कोणालाही काही आणायला सांगू नये. मंडळीतील एका जबाबदार व्यक्तीने आपत्तीग्रस्त भागातील चर्चचे पाळक किंवा धर्मगुरू आणि तेथील प्रशासनाचा नियंत्रण कक्ष यांच्याशी थेट बोलून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : किती कुटुंबे बाधित आहेत, नेमके काय कमी पडते आहे, कोणता रस्ता चालू आहे आणि पाठवलेले साहित्य तिथे उतरवून घेणारा माणूस कोण आहे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. मग भरलेली गाडी तासन्‌तास उभी राहते आणि तिच्याभोवती गर्दी जमते. हीच विचारपूस रोज करावी, कारण पहिल्या दिवसांत पाणी, तयार अन्न आणि ताडपत्री लागते, तर आठवड्याभराने फावडी, झाडू, स्वयंपाकाची भांडी आणि मुलांच्या वह्या लागतात.

आवाहन जितके नेमके, तितके पुढचे काम हलके होते. ‘जमेल ते द्या’ असे सांगितले की जुन्या कपड्यांचा ढीग येतो आणि तो निवडण्यात इतके हात अडकतात की खऱ्या कामाला माणसे उरत नाहीत. त्यातच कपडे ओलसर असतील, तर ते कुजून शेवटी कचऱ्यातच जातात. त्यामुळे मागणी आल्याशिवाय वापरलेले कपडे घेऊ नयेत, हे पाळकांनी उपासनेतच स्पष्ट सांगावे. देणाऱ्याला नकार देणे अवघड वाटते, पण आपत्तीत सापडलेल्या माणसाला फाटका, मळका कपडा देणे हा त्याचा अवमान आहे आणि तो टाळणे हे मंडळीचे कर्तव्यच आहे. तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्याही गोळा करू नयेत. पाणी दूषित असताना भुकटीचे दूध बाळाला जुलाब आणि कुपोषणाकडे नेऊ शकते व स्तनपानही मागे पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ अशा देणग्यांना विरोध करतात. ज्या बाळांना त्याची खरोखर गरज असते, त्यांची व्यवस्था आरोग्य कर्मचाऱ्यांकडे सोपवावी. औषधांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 साली औषधांच्या देणग्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णांना दिलेली आणि उरलेली औषधे परत गोळा करून पाठवू नयेत, हे त्यांतील एक महत्त्वाचे तत्त्व आहे. घरातल्या कपाटातील अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यामुळे स्वीकारू नयेत.

पाण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. मदतकार्यात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी लागते. पाच माणसांची 40 कुटुंबे धरली, तर रोजचे 3,000 लिटर म्हणजे 3 टन वजन होते. बाटल्यांचे खोके भरून ही गरज भागत नाही, हे यावरून लगेच लक्षात येते. सुरुवातीचे एक-दोन दिवस पिण्यापुरत्या बाटल्या पाठवणे योग्य आहे. पुढे मात्र टँकरची सोय, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि प्रत्येक कुटुंबाला झाकणाची दोन भांडी, एक पाणी आणायला व एक साठवायला, देणे अधिक उपयोगी ठरते. पैसे स्वीकारून आपत्तीग्रस्त भागाच्या जवळच्या बाजारात खरेदी करणे शक्य असेल, तर माझ्या मते तोच मार्ग सर्वांत चांगला आहे : वाहतूक वाचते, हवी तीच वस्तू मिळते आणि तेथील दुकानदारही सावरतो.

साहित्य ठेवण्यासाठी चर्चचे सभागृह घ्यावे, पण आवक एका दाराने आणि जावक दुसऱ्या दाराने ठेवावी. आवकेच्या टेबलावर दोघांनी बसून वस्तू, संख्या आणि तारीख नोंदवहीत लिहावी व देणाऱ्याला पावती द्यावी. धान्याची पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू न देता लाकडी फळ्यांवर रचावीत. जंतुनाशके, साबण आणि रॉकेल यांना अन्नापासून वेगळी खोली असावी. प्रत्येक खोक्यात एकाच प्रकारची वस्तू भरून बाहेर तिचे नाव, नग आणि मुदत ठळक लिहावी, खोका एका माणसाला सहज उचलता येईल इतकाच भरावा आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे.

स्वयंसेवकांची नोंद नाव, वय, संपर्क, येण्याची वेळ आणि अंगातले कौशल्य यांसह घ्यावी. वाहन चालवणारे, परिचारिका, वायरमन, हिशेब जाणणारे आणि तेथील भाषा बोलणारे यांची यादी वेगळी करावी. 18 वर्षांखालील मुलामुलींना वर्गीकरणाचे आणि चिठ्ठ्या लावण्याचे काम द्यावे. त्यांना आपत्तीग्रस्त भागात नेऊ नये. प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी जोडीने काम करावे, कोणाही स्वयंसेवकाने बाधित मुलांसोबत एकट्याने राहू नये आणि परवानगीशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. पुराच्या गाळात उतरणाऱ्यांना गमबूट, जाड हातमोजे आणि मास्क हवेतच. धनुर्वाताची लस घेतली आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे, आणि वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय कोणत्याही घरात पाऊल टाकू देऊ नये. रोज संध्याकाळी सर्व जण परतल्याची हजेरी घ्यावी. सलग काही दिवस काम केलेल्या माणसाला, तो नको म्हणत असला तरी, एक दिवस घरी पाठवावे. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात आणि तोंडून कठोर शब्द जातात.

वाटपाचे काम सर्वांत नाजूक असते, आणि मंडळीला हे नवीन नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार येते, तेव्हा प्रेषित त्या कामासाठी चांगल्या नावाची सात माणसे निवडायला सांगतात. आजही वाटपाची जबाबदारी अशा ठरावीक माणसांकडेच असावी. आदल्या दिवशी घरोघरी फिरून यादी करावी, कुटुंबांना टोकन देऊन वेळ सांगावी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंग यांच्यासाठी वेगळी रांग ठेवावी आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी साहित्य पोहोचवावे. यादी करताना तिथल्या स्त्रियांना आवर्जून विचारावे, कारण सॅनिटरी पॅड किंवा अंतर्वस्त्रे लागतात हे पुरुषांच्या बैठकीत कोणी सांगत नाही. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी 1994 साली स्वीकारलेल्या आचारसंहितेत मदत केवळ गरजेनुसार द्यावी आणि धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी तिचा वापर करू नये, असे म्हटले आहे. त्यामुळे शिध्याच्या पिशवीत पत्रके घालू नयेत आणि रांगेत उभ्या असलेल्यांकडून प्रार्थनेची अपेक्षाही ठेवू नये. कोणी आपणहून प्रार्थनेची विनंती केली, तर ती रांगेपासून दूर, शांतपणे करावी.

पैशांसाठी वेगळी वही आणि शक्यतो वेगळे बँक खाते ठेवून प्रत्येक खर्चावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. यरुशलेममधील गरजूंसाठी जमवलेली देणगी पौलाने एकट्याने नेली नाही. तिच्या बाबतीत कोणी दोष काढू नये म्हणून त्याने विश्वासू सोबती घेतले, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आले आहे. काम सुरू करतानाच ते कधी थांबवायचे, याची तारीख ठरवावी. त्या दिवशी साठा मोजावा, उरलेले साहित्य मागणी असलेल्या दुसऱ्या छावणीला किंवा संस्थेला पोचपावती घेऊन द्यावे, आणि पुढच्या रविवारी जमा, खर्च व शिल्लक यांचा हिशेब उपासनेनंतर सर्वांसमोर वाचून त्याची प्रत सूचना फलकावर लावावी.