बाळ आजारी असताना खाऊपिऊ घालताय? या चुका टाळा

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं की आपल्याकडं बारक्या पोरांचे जुलाब-उलट्या पण सुरू होतात आणि घरातलं कोणतरी म्हणतंच, "पोटाला जरा आराम दे, काय पाजू नको." सगळ्यात मोठी चूक हीच. जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार जातात, ते भरले नाहीत तर लेकरू बघता बघता गळतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा, रात्रीपण. आईला साधा सर्दी-ताप असला तरी पाजायचं, फक्त हात धुवून, तोंडाला मास्क लावून.

ओआरएसमध्ये, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीत, तर लई घोळ होतो. एक लिटरची पुडी अर्धी-अर्धी करून ग्लासात अंदाजानं टाकतात, मग मीठ जास्त होतंय आणि ते धोक्याचं आहे. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, पूर्ण पुडी एकदम, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्यानं, बाटली नको. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि परत एकेक चमचा, अजून हळू. दुकानातलं गोड पाकिटातलं पेय म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखरच फार. सोबत झिंक डॉक्टरांना विचारून, सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून झिंकची बाटली कपाटात ठेवून देतात, तसं करू नका.

सर्दीत बाळ दोन घोट ओढतं, सोडतं, रडतं. लगेच "दूध आटलं" म्हणून वरचं दूध चालू! अहो नाक चोंदलंय त्याचं, श्वास घेऊ का दूध पिऊ? पाजायच्या आधी सलाईनचे थेंब टाका, जरा उभं धरून पाजा.

सहा महिन्यांवरच्याला नुसतं डाळीचं पाणी, भाताची निवळ देत बसू नका, पोट भरतं पण ताकद येत नाही. तीच डाळ घोटून मऊ भातात, वर तूप. केळं कुस्करून, दहीभात चालतोय. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, जबरदस्ती नको. ताकद यावी म्हणून पांढरा रस्सा पाजणारे पण आहेत, तो आपण ओढावा, लेकराला त्यातला मसाला कशाला! आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, खोकल्याला पण नाही.

बाळ दूधच ओढेना, सगळं उलटून टाकतंय, सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, सहा तास लघवी नाही, शीतून रक्त पडतंय, झटका आला, किंवा तीन महिन्यांच्या आतल्याला ताप आला तर घरगुती उपाय सोडून तडक सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) नायतर जवळचा दवाखाना गाठा, वाटेत पण चमच्यानं पाजत राहा, पण झटका आला असेल किंवा जागंच होत नसेल तर तोंडात काही घालू नका.

बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जास्तीचं खाणं द्या, तेव्हा भूक खवळलेली असते, मागेल तेवढं घाला.