आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) नोटीस आली, आता काय?

पैसे नसले तरी रिटर्न आधी भरून टाका, कारण फाइल न करण्याचा दंड महिन्याला थकबाकीच्या ५ टक्के (जास्तीत जास्त २५ टक्के) आणि नुसते पैसे थकवले तर ०.५ टक्के, फरक बघा ना. मग नोटीशीच्या उजव्या कोपऱ्यातला नंबर बघायचा. सीपी१४ असेल तर ते पहिलं बिल, घाबरू नका, ५०,००० डॉलरच्या आत देणं असेल तर हप्ते ऑनलाइनच मागता येतात, व्याज मात्र चालूच राहतं. पण एलटी११, म्हणजे जप्तीआधीची शेवटची नोटीस, आली तर अजिबात टाळाटाळ नको, जप्तीआधी सुनावणी हवी असेल तर ३० दिवसांत फॉर्म १२१५३ पाठवावा लागतो. आणि फोनवर गिफ्ट कार्ड मागणारा आयआरएसवाला नसतोच, सरळ फोन ठेवा.