तीन हिरव्यांपैकी दोनच लागले तर

अप्रोचला (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) गिअर म्हणजे चाकं खाली घेतली आणि ती लॉक झाल्याचं सांगणाऱ्या तीन हिरव्या दिव्यांपैकी तिसरा लागलाच नाही, तर आधी विमान कोण उडवतंय ते मोठ्याने बोलून ठरवा. हे वाटप डिसेंटच्या (खाली उतरू लागण्याआधीच्या) ब्रीफिंगमध्येच झालेलं असलं तर उत्तम. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ या उड्डाणाचा कॉकपिट नोज गिअरच्या (नाकाखालच्या चाकांच्या) दिव्यात गुंतला होता. ऑटोपायलटने २००० फुटांची उंची कधी सोडली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. १०१ माणसं गेली. गिअर खाली होता, फक्त बल्ब जळाला होता. म्हणून अप्रोच सोडा, सुरक्षित उंचीवर होल्ड (घिरट्या घालत थांबायची परवानगी) मागा, आणि एकाने नजर उंची-वेगावरून हलवू नये.

मग इंधन. माझ्या मते चेकलिस्ट उघडण्याआधी कागदावर एक वेळ लिहावी: अमुक वाजता, गिअर कसाही असो, आपण उतरणार. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण १७३ गिअरच्या काळजीत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. टाक्यांतला आकडा सगळ्यांना दिसत होता, पण कॅप्टनला तो ठणकावून कुणी सांगितला नाही. को-पायलट नवा असला तरी ते काम त्याचंच आहे, आणि ‘सर, वीस मिनिटं उरलीत’ इतकं स्पष्ट बोलायची सवय सिम्युलेटरमध्येच लावून घ्यावी.

आता दिवा खरं बोलतोय का ते बघा. बोइंग ७३७ मध्ये वरच्या पॅनलवर हिरव्या दिव्यांचा दुसरा संच असतो, एअरबस ए३२० मध्ये स्क्रीनवर चाकांची स्थिती दाखवणारं व्हील पेज. टॉवरजवळून कमी उंचीवरून जाऊन चाकं दिसतात का ते विचारता येतं, पण चाकं दिसली म्हणजे लॉक झाली असं नाही. चेकलिस्ट ज्या सर्किट ब्रेकरकडे (जादा वीज आली की उडून वीज तोडणारी खटकी) बोट दाखवते तो डोळ्यांनी बघा, हाताने चाचपा. १ नोव्हेंबर २०११ ला वॉर्सात लॉट या पोलिश कंपनीचं बोइंग ७६७ पोटावर उतरलं, ते एक ब्रेकर उडालेला राहिल्यामुळे. आतले २३१ जण सुखरूप राहिले.

पर्यायी पद्धतीने गिअर सोडताना ए३२० मध्ये हँडल तीन वेळा फिरवायचं, ७३७ मध्ये जमिनीतल्या झाकणाखालच्या तीन मुठी ओढायच्या. ए३२० मध्ये असा सोडलेला गिअर पुन्हा वर घ्यायचा विचार करू नका. लोंबत्या चाकांनी दुसरं विमानतळ गाठायला इंधन खूप जास्त लागतं, तेव्हा तो हिशेब आधी करा.

तरीही दिवा नाहीच लागला तर केबिनला चार गोष्टी सांगा: काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, खास सूचना काय. पर्सरकडून (केबिन कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाकडून) त्या परत वदवून घ्या. नोज गिअर दुमडून खाली बसला तर शेपूट वर जाते आणि मागच्या दारांची स्लाइड (बाहेर पडायची घसरगुंडी) धोकादायक उभी होते, हे त्यांना आधीच कळायला हवं. अग्निशमन दलाला प्रवासी संख्या आणि उरलेलं इंधन कळवा.

उतरल्यावर टॅक्सीची घाई नको. ए३२० मध्ये गिअर पर्यायी पद्धतीने सोडल्यावर नोज व्हील स्टिअरिंग (पुढचं चाक वळवण्याची सोय) मिळत नाही. धावपट्टीवरच थांबा, धावपट्टी अडून राहील हे टॉवरला आधीच सांगून ठेवा, आणि गिअर मिटू नये म्हणून लावायच्या पिना लागल्याशिवाय टगला (विमान ओढणाऱ्या गाडीला) विमान ओढू देऊ नका.