आगोटीआधी लिनक्सच्या मशीनची बेगमी

मे संपत आला की आमच्याकडे घरोघरी एकच घाई. लाकडं पडवीत रचायची, मीठ-मसाला भरून ठेवायचा, सुकी मासळी डब्यात, आमसुलं बरणीत. या आगोटीच्या यादीत गेली काही वर्षं मी घरातला कॉम्प्युटरही धरतो. एकदा पाऊस लागला की वीज जाते-येते, नेट रडतखडत चालतं आणि मशीन नेमकं त्याच आठवड्यात अडतं.

दापोलीत आम्ही पाच-सहा जण लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली, वापरणारे आहोत. दोन शिक्षक, एक झेरॉक्सवाला, एक आंब्याचा बागायतदार, असेच. ना नाव ना फलक. कुणाचं काही अडलं की एकाच्या पडवीत बसतो, चहा होतो, बहुतेकदा कामही होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर मिंट नाहीतर उबुंटू ही लिनक्सची रूपं टाकून घेणारे वाढलेत आणि पडवीतली गर्दीही. गुहागरकडची माणसं धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरतात आणि पुढे एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन येतात. त्यातली निम्मी परत जातात, कारण एखादी गोष्ट घरी राहिलेली असते. बिघाड दहा मिनिटांचा, हेलपाटा दिवसाचा. म्हणून ही यादी. यातलं बरंचसं मशीन चालू असतानाच करायचं आहे. बंद पडल्यावर ते जमत नाही.

सगळ्यात आधी पासवर्ड. हसू नका. आमच्याकडे लिनक्स बहुतेक घरांत गणपतीत येतं. मुंबईचा पुतण्या पाच दिवस राहतो, काकांचा लॅपटॉप ‘फास्ट करून देतो’, विसर्जन झालं की गाडी पकडतो. पुढे अपडेट पासवर्ड मागतो आणि काका म्हणतात, तो त्यालाच ठाऊक. तेव्हा पुतण्या घरात असतानाच पासवर्ड वहीत लिहून घ्या आणि तीन गोष्टी विचारून ठेवा: कुठलं लिनक्स टाकलंस, कितवी आवृत्ती, आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलीस का. साधा लॉगिन पासवर्ड विसरला तर सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणाऱ्या, मेनूत रिकव्हरी मोड निवडून नवा लावता येतो, ते आम्ही करून देतो. एन्क्रिप्शनचा पासफ्रेज, म्हणजे त्या कुलपाचा पासवर्ड, गेला, तर मात्र आम्हीच काय, ब्रह्मदेवही ती डिस्क उघडू शकत नाही.

दुसरी वस्तू लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून डिस्कला हात न लावता मशीन सुरू करता येतं असा. मिंटची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलीत) साधारण तीन जीबीची, म्हणजे मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकात मावत नाही. ती मेमध्येच, ब्रॉडबँड असलेल्या एखाद्याच्या घरी बसून उतरवून घ्या. तिथेच शा-२५६ चा आकडा, म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळतो का पाहा. तुटक नेटवर अर्धवट उतरलेली फाइल तिथेच पकडली जाते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल चढवून तो तयार झाला की एकदा त्यावरून मशीन सुरू करून बघा. बूट मेनूचं बटण कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. जे असेल ते पेनड्राइव्हला चिठ्ठी बांधून तिच्यावर लिहा. या एका पेनड्राइव्हने निम्मं निदान होतं. त्यावरून वाय-फाय, आवाज, पडदा सगळं नीट चाललं, तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि बिघाड आतल्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. तिथेही तेच रडगाणं असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायचा.

टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम चालू करून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या घडीची नक्कल, काढून ठेवा. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या घडीवर परत जाता येतं. पण एक गैरसमज मी दरवर्षी निस्तरतो. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे फोटो, बागेचा हिशेब, मुलीच्या लग्नाची यादी, हे ते मुळात धरतच नाही, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय. त्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कोरड्या डब्यात ठेवा.

आता वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत कित्येक दिवस अंधार होता. वादळ नसलं तरी पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणं हे काही नवल नाही. त्यातून येणारे बिघाड ठरलेले आहेत आणि ओळखायला सोपे.

अपडेट चालू असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी पॅकेज बसवताना मशीन सांगतं की डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, मध्येच तुटलं. उपाय त्याच संदेशात लिहिलेला असतो, तो टर्मिनल या कमांड टाइप करायच्या खिडकीत द्यायचा: सुडो, डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, डॅश ए. अर्धवट राहिलेली पॅकेजं त्याने पूर्ण बसतात. ‘लॉक मिळत नाही’ असं आलं, तर बहुधा पाठीमागे दुसरं अपडेट चालू असतं. थांबा, चहा घ्या. कुणीतरी सांगितलं म्हणून लॉकची फाइल उडवायला जाऊ नका. आणि ढग गडगडत असताना अपडेट सुरूच करू नये, हे मी स्वतःचं हसं करून शिकलो आहे.

दुसरा प्रकार: मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफएस’ असं लिहून थांबतं. माणसं घाबरतात, आता सगळं गेलं म्हणतात. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. वीज अचानक गेल्याने फाइलसिस्टिममध्ये गोंधळ झालेला असतो आणि मशीन सांगत असतं की एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड, हाताने चालव. डिस्कच्या कुठल्या भागावर, म्हणजे विभाजनावर, तेही वरच्या ओळींत असतं. त्या नावासकट कमांड दिली, की दुरुस्त होऊन मशीन चालू लागतं. फक्त हेच दर आठवड्याला होत असेल, तर दोष विजेचा नसून डिस्क म्हातारी झालेली असू शकते. मग दुरुस्ती आधी नको. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी फाइली बाहेर काढा, मग ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल बघा.

तिसरा प्रकार माझा आवडता, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. बराच काळ बंद राहिलेला डेस्कटॉप सुरू केला, नेट आहे, तरी एकही साइट उघडत नाही, अपडेट म्हणतं रिलीज फाइल अजून वैध नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख कुठल्या कुठे गेलेली असते. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा गोल सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ विसरतं, आणि तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. आगोटीच्या सामानात एक टाकून ठेवा.

घड्याळाचाच धाकटा भाऊ: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजमध्ये वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर सेल ठीक आहे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, आणि आपलं अंतर साडेपाच तासांचं. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. अशाच जोडमशीनवर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून उघडते पण तिच्यावर लिहिता येत नाही, तेव्हा विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन पूर्ण बंद करा. तो चालू असला की विंडोज खरं बंद होतच नाही, डुलकी घेतं.

नेटचं सांगतो. नवं लिनक्स टाकल्यावर वाय-फाय दिसत नाही, ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर लागतो. आधी कोंबडी की आधी अंडं. यावर उपाय तुमच्या खिशात आहे: फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेट वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटावाली हवी. ती वेगळी बांधून ठेवा. आणि वाय-फायबद्दल विचारताना कंपनीचं आणि मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी चिप निघते. आतल्या कार्डासाठी एलएसपीसीआय डॅश एनएनके ही कमांड, यूएसबीत खोचायच्या डोंगलसाठी एलएसयूएसबी. त्यात चार-चार अक्षरांची जोडी येते, मध्ये विसर्गचिन्ह. ती जोडी म्हणजे चिपचं आधार कार्ड. तेवढी मिळाली की आम्ही पडवीत बसून सांगू शकतो, तुम्हाला खाडी ओलांडायला नको.

इथून विचारण्याची तयारी. मदत करणारा फोनच्या पलीकडे आहे, त्याला तुमचा पडदा दिसत नाही. ‘चालत नाही’ यातून त्याला काहीच कळत नाही. पडद्यावर जो संदेश आला त्याचा फोटो काढा, अक्षर अन् अक्षर दिसेल असा. मराठीत भाषांतर करून सांगू नका. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं असलं तर त्यावरून आधी कुणी काय केलं ते शोधता येतं. मग सांगा की काल काय बदललं. यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘काहीच केलं नाही हो.’ बागायतदार मित्र हे ऐकला की गालात हसतो, कारण पाच मिनिटांनी कळतं की नवा प्रिंटर जोडला होता, किंवा नातवाने कुठलंसं ‘क्लीनर’ टाकलं होतं. आठवत नसेल तर ‘व्हर-लॉग-एपीटी’ या फोल्डरात हिस्टरी नावाची फाइल असते, तिच्यात तारीखवार सगळं असतं. ती खोटं बोलत नाही.

मशीनची कुंडली द्यायला इन्क्सी ही कमांड. फोनवर आम्ही ती अक्षर अक्षर सांगतो: आय, एन, एक्स, आय, मग स्पेस, डॅश, मोठा एफ, लहान झेड. शेवटचा झेड विसरू नका. त्याने सिरियल नंबर, नेटवर्कचे पत्ते अशा खासगी गोष्टी झाकल्या जातात. मशीन अचानक गोठून पुन्हा सुरू करावं लागलं असेल, तर जर्नल-सीटीएल, डॅश बी, स्पेस, डॅश एक दिलं की मागच्या खेपेची नोंद दिसते. गोठायच्या आधीच्या शेवटच्या पन्नासेक ओळी पुरतात. आख्खं पुराण पाठवू नका.

उपाय सांगितला की एका वेळी एकच करा आणि परिणाम कळवा. तिघांनी सांगितलेले तीन उपाय एकदम केले तर कशाने सुटलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कुठून जायचं तेही नाही. अनोळखी माणसाने दिलेली आरएम (फाइली पुसणारी) नाहीतर डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी) ने सुरू होणारी कमांड, अर्थ विचारल्याशिवाय मारू नका. डीडीत एक अक्षर चुकलं तर पेनड्राइव्हऐवजी आख्खी डिस्क पुसली जाते.

पासवर्ड बरोबर, पण पडदा लुकलुकून पुन्हा पासवर्डच मागतो, ही तक्रार पावसाळाभर येते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ डॅश एच ही कमांड द्या. जागा शंभर टक्के भरलेली दिसली तर तेच कारण. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आधी हलवा. भरलेली नसेल तर होम फोल्डरातल्या, लॉगिनला लागणाऱ्या एक्स-ऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याकडे, गेली आहे का पाहू. आवाज येत नसेल तर दहातल्या पाच वेळा तो टीव्हीच्या केबलीकडे वळलेला असतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला. प्रिंटरचं घेण्याआधीच विचारा. घेतल्यावर विचारलंत तर मी फक्त सहानुभूती देऊ शकतो.

शाळा-ग्रामपंचायतीतल्या मंडळींसाठी एक वेगळी पिशवी. शिवाजी, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली लिनक्समध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही आणि तो फॉन्ट इथे नाही, एवढंच. फॉन्टची फाइल जुन्या मशीनवरून पेनड्राइव्हवर घेऊन या, म्हणजे निदान वाचता येईल, मग युनिकोडमध्ये बदलायचं बघू.

आणि प्रत्यक्ष यायचंच असेल तर चार्जर घ्या. दर खेपेला कुणीतरी चार्जर विसरतं. डेस्कटॉप असेल तर नुसता सीपीयू पुरे, पडदा आणि कीबोर्ड आमच्याकडे आहेत, पण वाय-फायचं डोंगल आणि वादातला प्रिंटर आणा. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत दुसरी. पासवर्डची वही. निघण्याआधी फोन करा, आमच्याकडे वीज आहे का ते विचारून घ्या, आणि दाभोळहून परतीची शेवटची बोट कधी आहे ते जेट्टीवर उतरतानाच विचारा. मागे एक मास्तर फाइलसिस्टिम दुरुस्त होईपर्यंत बसले आणि रात्री आमच्या माजघरात झोपले. मशीन सकाळी नीट चाललं, पण शाळेत हजेरीला ते पोचले नाहीत.